तव्याचा आरसा

फरशी घासायची तर पाणी लागतं. कोरडा दगड घासला की तो तापतो आणि त्याची भुकटी माणसाच्या छातीत जाऊन बसते. त्या वर्षी पाऊस घाईच्या पाहुण्यासारखा आला, उंबऱ्यातूनच परत फिरला. नदी आटली, मग कारखान्याची विहीर आटली, आणि एका सकाळी फरशीच्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसलं. मालक म्हणाला, "पाणी आलं की बोलावतो." पाणी काही मालकाच्या शब्दात नव्हतं.

कारखान्यात त्याला सगळे आरसेवाला म्हणत. बावीस वर्षं त्याने फरशीला पॉलिश केलं होतं आणि त्याने हात फिरवलेल्या फरशीत उभ्या माणसाला आपल्या शर्टाची बटणं मोजता येत. बँकेची फरशी त्याची, दवाखान्याची त्याची, मोठ्यांच्या घरांतली तर किती तरी. त्याच्या स्वतःच्या घराची जमीन मात्र मातीची होती. यावरचा विनोद कारखान्यात इतक्यांदा झाला होता की आता कोणी हसतही नसे.

घरात तो, त्याची बायको आणि बायकोची मावशी. मावशीनेच बायकोला लहानाची मोठी केली होती. मावशीचे डोळे गेले होते, पण जीभ शाबूत होती आणि ती दोघांचं काम करायची. घरापासून चाळीस पावलांवर दोन रस्ते फुटत होते. तिथे चार खांबांवर पत्रा टाकून, विटांच्या लांब भट्टीवर मावशीने तीस वर्षांपूर्वी तवा मांडला होता. तवा म्हणजे नावालाच. खरं तर तो जुन्या पुलाच्या कामातून उरलेला लोखंडाचा पत्रा होता, दाराएवढा लांब आणि बोटभर जाड, आणि चौघांनी धरल्याशिवाय हलत नसे. मावशीची नजर गेल्यावर उलथणं भाचीच्या हातात आलं. अंडी, कांदा, बटाटे, जाड रोट्या, बाजूला चहा. येणारे जाणारे तिला तवेवाली म्हणत.

तीस वर्षांच्या तेलाने तो तवा काळा झाला होता. कोळशासारखा काळा नव्हे, पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्यावर अंडं फोडलं की ते आपल्या पायाने सरकायचं.

कारखाना बंद झाला आणि आरसेवाला घरी बसला. बसला म्हणजे बसवेना. बावीस वर्षं ज्या हाताखाली मशीन थरथरत होतं तो हात रात्री झोपेतही हलायचा. दुसऱ्याच दिवशी तो तव्यापाशी जाऊन उभा राहिला.

"काही देऊ का करून?" त्याने विचारलं.

"कांदा चिरा," बायको म्हणाली.

त्याने कांदा चिरला. एकेक तुकडा मापाने घेतल्यासारखा. तिने दोनदा मान वळवून पाहिलं आणि शेवटी सुरी त्याच्या हातून काढून घेतली. "अहो, माणसं भुकेली असतात. तुकडे सारखे आहेत का नाहीत ते कोण बघतंय?"

मग तो ताटल्या धुऊ लागला. पाणी जास्त गेलं. मग तो लाकडं पुढे सारू लागला, तर जाळ एकाच बाजूला झाला. महिनाभरात त्याला एवढं कळलं की तव्यापाशी त्याची खरी जागा खांबाला टेकून उभं राहायची होती, आणि तिथेही गिऱ्हाईकं "जरा सरकता का" म्हणत. पाण्याचा टँकर चालवणारा एक जाडा ड्रायव्हर रोज तीन अंडी खायचा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय आरसेवाले, वहिनींनी कामावर ठेवलं का नाही अजून? का उमेदवारीच चाललीय?" सगळे हसले. आरसेवालाही हसला. न हसून सांगतो कोणाला.

तेवढ्यात मुकादम आला. आटलेल्या कालव्यातला गाळ उपसायचं काम निघालं होतं आणि चाळीस माणसं घेऊन तो वरच्या अंगाला उतरला होता. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. उभ्यानेच दोन अंडी आणि रोटी खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाला, "चाळीस माणसांचं सकाळचं खाणं जमेल?"

"जमेल," बायको म्हणाली.

"ऊन वर यायच्या आत पोटात गेलं पाहिजे. आणि गरम. सोमवारी एक दिवस बघतो. जमलं तर पाऊस लागेपर्यंत तुमचं. नाही तर हमरस्त्यावरचा हॉटेलवाला पाकिटं द्यायला तयारच बसलाय."

तो गेल्यावर बायकोने चाळीस माणसांचं पीठ बोटांवर मोजलं. बायकोच्या भावाने निरोप पाठवला होता की आमच्या दुकानामागे एक खोली रिकामी आहे, या सगळे. भाऊ चांगला होता, पण दुकानामागची खोली ती दुकानामागची खोली. घराला कुलूप लावून जायचं, म्हणजे परत यायला आपल्याला तोंड राहत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. सोमवार साधला तर राहायचं, नाही साधला तर जायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे बायको "बघू" म्हणाली. मावशी म्हणाली, "तुम्ही जा. मी तव्याला टेकून मरेन."

बुधवारी बायको पीठ, बटाटे आणि तेल आणायला बाजारच्या गावी गेली. वस्तीला भावाकडे थांबून ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. जाताना म्हणाली, "मावशीला वेळेवर जेवायला घाला. तव्यावर झाकण आहे, ते काढू नका."

झाकण काढू नका म्हटल्यावर आरसेवाल्याने ते काढलं. वाईट मनाने नव्हे. चाळीस माणसं येणार, मुकादम बघणार, आणि तवा हा असा. कडेला तेलाचे थर खपल्यांसारखे चढलेले, मध्ये उलथण्याचे ओरखडे, कोपऱ्यात काहीबाही जळून बसलेलं. बायको रोज काम संपलं की गरम तव्यावर पाणी टाकून खरवडायची, फडक्याने पुसायची, तेलाचा हात फिरवायची, झाकायची. तिला साबण लावताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, बिचारीला वेळच कुठे मिळतो. आणि वाटलं, हे तर आपलं काम. महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्या हातांना काहीतरी सुचलं होतं.

बंद कारखान्याच्या राखणदाराशी ओळख होती. दुपारपर्यंत घासायचं मशीन घरी आलं. दगडांची चवड त्याच्याकडे फडक्यात बांधलेली होतीच, साठ नंबरपासून सुरू होऊन वर चढत जाणारी. साठ नंबर सगळ्यात खरबरीत, तो आधी कातडं सोलतो. मग एकशेवीस, मग चारशे, मग आठशे, आणि शेवटी चमक आणणारा लोकरीचा नमदा. घरातून वायर ओढून त्याने मशीन लावलं. पहिल्या फेरीतच काळं कातडं सुटू लागलं आणि खालून पांढरं लोखंड दिसलं.

"काय घासताय हो जावईबापू?" आतून मावशी ओरडली.

"जरा साफ करतोय."

"भट्टीची वीट पडेल हां! बेताने!"

तिला वाटलं, भट्टी घासणं चाललंय. त्यानेही जास्त खुलासा केला नाही, कारण त्याला दोघींनाही चकित करायचं होतं.

दुसऱ्या दुपारपर्यंत त्याने मान वर केली नाही. दगडामागून दगड चढवत गेला. खांदे भरून आले, बोटांत मुंग्या आल्या, आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो शीळ घालू लागला. गुरुवारी दुपारी नमदा फिरवून त्याने मशीन बंद केलं तेव्हा तव्यात छपराच्या पत्र्याची एकेक पन्हळ दिसत होती. छपराच्या कडेवरून कावळा गेला तो तव्यातूनही गेला. आयुष्यात कितीतरी फरश्या केल्या, पण असं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे घरचं होतं.

संध्याकाळी बायको आली. डोक्यावर पिठाचं पोतं, हातात तेलाचा डबा. ती तव्यापुढे थांबली. पोतं डोक्यावरच होतं. तिने खाली पाहिलं, तव्यात तिचं तोंड दिसलं, आणि मोकळ्या हाताने तिने कपाळावरची बट मागे सारली. मग म्हणाली, "छान झालंय," आणि घरात गेली.

तिच्या आवाजात काहीतरी कमी होतं. त्याला वाटलं, दमली असेल.

शुक्रवारी सकाळी टँकरवाला आला आणि त्याने डोळ्यांवर हात धरला. "अरे बापरे! वहिनी, अंडी करताय का दाढीचं दुकान काढलंय?"

बायकोने तेल टाकलं. तेल पसरलं नाही. थेंब थेंब होऊन पळू लागलं, पालथ्या घड्यावर पाणी टाकावं तसं. तिने अंडं फोडलं. चर्र झालं आणि अंडं जिथे पडलं तिथेच जन्माला आल्यासारखं बसलं. तिने कडेने उलथणं घातलं, वरचा पापुद्रा आला, खालचं तिथेच राहिलं. दुसरं अंडं फोडलं, त्याचंही तेच. शेवटी तिने खरवडून जे निघालं ते ताटलीत घातलं.

टँकरवाल्याने ताटलीकडे पाहिलं. "हे अंडं आहे का अंड्याचा भुगा?"

"आजचं राहू द्या," बायको म्हणाली. "उद्या या."

टँकरवाला भला माणूस होता. त्याने भुगा खाल्ला, पण जाताना आरसेवाल्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा त्याने चार शब्द बोललेले परवडले असते. आरसेवाला खांबाला टेकून उभा होता. त्याला आता सगळं कळलं होतं आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं. खाली पाहिलं तर तव्यात त्याचंच तोंड दिसत होतं.

"मला सांगायचं होतंस काल," तो म्हणाला.

"काय सांगायचं?"

"की वाटोळं केलंत म्हणून."

बायकोने तव्यावरचे तुकडे एका कडेला सारले. "तुम्ही एवढे खुशीत होतात," ती म्हणाली. "महिन्यानंतर."

एवढं बोलून ती मावशीला आणायला आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, निदान रागावून निघून तरी जाता येतं. आरसेवाला उगाचच वायर गुंडाळत बसला.

मावशी भाचीचा खांदा धरून आली. तवा निवला होता. तिने पंजा टेकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत नेला. मध्येच थांबली, पुन्हा मागे आली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"माझा तवा कुठंय?" ती म्हणाली.

"हाच आहे मावशी," आरसेवाला म्हणाला.

"हा नाही. हा कोणाचा तरी आहे." तिने परत हात फिरवला. "काच केलीत की हो जावईबापू! तीस वर्षं! तीस वर्षं मी याला एकदा साबण लागू दिला नाही. माझं स्वतःचं तोंड धुवायचं राहिलं असेल, पण याला तेल लावायचं नाही राहिलं." ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. आरसेवाला तिच्यापुढे उकिडवा बसला. 

"मारा मला दोन," तो म्हणाला.

"मारून काय तवा काळा होणार आहे?" मावशीने नाक पुसलं. मग जरा वेळाने, कामाच्या आवाजात विचारलं, "आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"म्हणजे तीन दिवस. तापवा. तेल लावा. बघू."

त्यांनी तापवलं, तेल लावलं, धूर निघेपर्यंत जाळ घातला. आरसेवाल्याने सढळ हाताने तेल ओतलं. जिथे चूक मोठी तिथे तेलही मोठं हवं असा त्याचा हिशोब. दुपारी तवा निवला तर त्यावर चिकट तपकिरी डाग जमले होते, कुठे आहेत कुठे नाहीत. बायकोने उलथण्याचा कोपरा लावला आणि सबंध पापुद्रा उन्हात भाजलेल्या पाठीच्या सालीसारखा उलगडून आला. खालून परत लोखंड चकाकलं.

मावशीने तो पापुद्रा बोटांत चुरला. "एक तर तेल धो धो ओतलंत. आणि दुसरं, हा थर पाय कुठे रोवणार? गुळगुळीत भिंतीवर पाल तरी चढते का? त्याला धरायला काहीतरी पाहिजे."

आरसेवाल्याने बोटाने तवा चाचपला. त्याच्या धंद्यातलंच होतं ते. गुळगुळीत फरशीवर रंग धरत नाही, सिमेंट धरत नाही, हे तो नव्या पोरांना शिकवत आला होता. तो उठला, फडकं सोडलं आणि चवडीतून साठ नंबरचा दगड काढला.

"मशीन लावू का?" बायकोने विचारलं.

"नको. मशीन खोल जाईल. हाताने करतो."

बावीस वर्षांत तो नेहमी साठाकडून वर गेला होता. उलटा कधी उतरला नव्हता. चांगल्या झालेल्या कामावर साठ नंबर घालणाऱ्याला कारखान्यात लोकांनी वेडा म्हटलं असतं. त्याने तव्यावर ओणवं होऊन दगड टेकवला आणि पहिली रेघ ओढली. करकर असा आवाज झाला आणि छपराच्या प्रतिबिंबावर पांढरा ओरखडा उठला. त्याला तो स्वतःच्या अंगावर उठल्यासारखा लागला. मग दुसरी रेघ, तिसरी. आधी उभं, मग आडवं. ऊन चढलं, घामाचे थेंब तव्यावर पडत होते आणि तो ते मनगटाने पुसत होता. हळूहळू छप्पर धुरकट झालं, कावळे दिसेनासे झाले, त्याचं स्वतःचं तोंड आधी पुसट झालं आणि मग गेलं.

बायको पलीकडच्या बाजूला बटाटे निवडत बसली होती. तव्याचा तो कोपरा भट्टीच्या बाहेर आलेला, जाळ तिथपर्यंत पोहोचत नसे. तिचा तेलाचा डबा कायम तिथेच असायचा, आताही होता. घासत घासत तो तिथे पोहोचला.

"डबा उचल."

"तेवढं राहू द्या," ती म्हणाली. "डब्याखाली काय भाजायचंय?"

त्याने डब्याच्या भोवतीने दगड फिरवला. संध्याकाळ झाली तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. मावशीने परत पंजा फिरवला आणि म्हणाली, "हं. आता मांजराची जीभ झाली."

शनिवारी त्यांनी तवा एकदाचा साबण आणि गरम पाण्याने धुतला, कारण घासलेल्या लोखंडाची भुकटी कोणाच्या पोटात जायला नको. घरात प्यायला ठेवलेल्या पाण्यातली एक कळशी त्यात गेली. तो जाळावर खडखडीत वाळवला आणि बायकोने फडक्याची घडी तेलात टेकवली, बुडवली नाही.

"बघा," ती म्हणाली. "तेल लावायचं, आणि पश्चात्ताप झाल्यासारखं लगेच पुसून टाकायचं."

"मग राहिलं काय?"

"जे पुसूनही निघत नाही ते. तेवढंच आपलं."

तिने लावलं, त्याने दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसलं. इथे मात्र त्याचा हात कामी आला. कुठेही जास्त नाही, कुठेही कमी नाही. कडा, मध्य, जाळावरचे कोपरे, सगळीकडे एकाच वजनाने फडकं फिरत होतं. बायकोने दोनदा पाहिलं आणि या वेळी फडकं काढून घेतलं नाही. मग जाळ. आधी तवा पिवळसर झाला, मग मधासारखा, मग त्यातून धूर सुटला. धूर डोळ्यांत जाऊन तिघंही रडल्यासारखी दिसत होती. धूर थांबला की जाळ ओढायचा, तवा जरा निववायचा, परत तेल, परत पुसणं, परत जाळ. दिवसभरात चार थर झाले. जाळ कुठे जास्त कुठे कमी हेही त्याला आता दिसू लागलं, रंगच सांगत होता. उजवीकडे रंग मागे राहत होता, म्हणून त्याने लाकडं तिकडे सारली. ते त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही.

टँकरवाला येऊन लांबूनच म्हणाला, "अजून उपास आहे का?"

"सोमवारी या. फुकट घालीन," आरसेवाला म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही कोण घालणारे?" टँकरवाला हसला. मग आरसेवाल्याचे हात पाहून त्याचं हसू कमी झालं. जाताना त्याने टँकरमधून दोन कळशा पाणी काढून दिलं.

रविवारी आणखी चार थर चढले. तवा आता गडद तपकिरी झाला होता, मध्ये निळसर काळा. दुपारी बायकोने मूठभर मीठ, बटाट्याच्या साली आणि चिरलेला कांदा त्यावर टाकला आणि आरसेवाल्याच्या हातात उलथणं दिलं. "फिरवत राहा. सगळीकडे न्या. कांदा जळून काळा होईपर्यंत."

तो फिरवत राहिला. खमंग वास सुटला, मग करपट वास सुटला. तो जळका कांदा फेकून दिल्यावर मावशी म्हणाली, "पाणी शिंपडा." बायकोने बोटांनी चार थेंब उडवले. मावशीने मान तिरकी केली. थेंब तडतडले नाहीत, गोळ्या होऊन पळाले.

"नाचतायत," मावशी म्हणाली. "पण अजून कोवळा आहे. नव्या सुनेसारखा वागवा. एकदम सगळं काम टाकू नका."

"उद्या चाळीस माणसं आहेत मावशी," बायको म्हणाली.

"मग उद्या तरी जरा लाडाने."

सोमवारी उजाडायच्या आत भट्टी पेटली होती. आरसेवाल्याने लाकडं लावली, उजवीकडे जरा जास्त. बायकोने तव्यावर तेलाचा हात फिरवला. पूर्वेला उजळलं तशी कालव्याच्या बाजूने माणसं येताना दिसली, खांद्यावर फावडी, तोंडाला फडकी. पुढे मुकादम. तो येऊन खांबापाशी उभा राहिला, आरसेवाल्याच्या नेहमीच्या जागी, आणि हाताची घडी घातली.

बायकोने पहिलं अंडं फोडलं.  चर्र झालं. पांढरं फेसाळलं, कडा तपकिरी झाली. ती हलली नाही. मावशी बाजूच्या बाकावर बसून कान देत होती. मग बायकोने उलथण्याची धार कडेला नुसती टेकवली आणि अंडं जागचं सुटलं. सहज नव्हे, जुन्यासारखं आपल्या पायाने नव्हे, थोडं कुरकुर करत, पण अख्खं सुटलं. तिने ते ताटलीत घेतलं आणि लगेच पुढची पाच फोडली.

विसाव्या माणसापाशी उजव्या बाजूला एक अंडं धरलं. बायकोचा हात क्षणभर थांबला. मुकादमाने हाताची घडी सोडली. आरसेवाला पुढे झाला, त्याने खरवडणी घेतली, गरम तव्यावर ओंजळभर पाणी टाकलं आणि वाफेच्या लोटातून एका वजनाने, न खुपसता, ती जागा साफ केली. पुसली, फडक्याने तेलाचा पुसट हात दिला. "इथे रोट्या टाक," तो म्हणाला. "अंडी मधे घे." बायकोने रोट्या उजवीकडे टाकल्या. पुढे प्रत्येक फेरीनंतर तो तसाच खरवडत, पुसत गेला आणि ती फोडत, उलटत गेली. दोघांचे हात एकमेकांना एकदाही अडले नाहीत. कोणी कोणाला सरका म्हटलं नाही.

चाळिसावी ताटली गेली तेव्हा ऊन छपराच्या कडेला लागलं होतं. मुकादम सगळ्यात शेवटी, उभ्यानेच जेवला. रोटीच्या तुकड्याने ताटली पुसली, ताटली खाली ठेवली, बोटं पुसली. तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होती, म्हणजे मावशीही त्याच दिशेला बघत होती.

"उद्यापासून पाव तास आधी," तो म्हणाला. "ऊन फार लवकर चढतंय." आणि माणसांच्या मागे निघून गेला.

"काय म्हणाला तो?" मावशीने विचारलं, जणू तिने ऐकलंच नव्हतं.

"उद्यापासून रोज येणार म्हणाला," बायको म्हणाली. ती बाकावर बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर टाकले. मग म्हणाली, "दादाला निरोप पाठवायला पाहिजे. खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणावं."

तेवढ्यात टँकरवाला आला आणि त्याने आपली तीन फुकटची अंडी वसूल केली. जाताना आरसेवाल्याकडे मानेने खूण करून तो बायकोला म्हणाला, "माणूस बरा आहे हो. घ्या कायम करून."

गर्दी ओसरल्यावर आरसेवाला तवा साफ करायला लागला. गरम तव्यावर पाणी, खरवडणी, कोरडं फडकं, तेलाचा हात. पुसत पुसत तो पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि पुसायला म्हणून त्याने तेलाचा डबा उचलला.

डब्याखाली ताटलीएवढी जागा लख्ख होती. नमद्याने केलेली, तशीच्या तशी. आजूबाजूला सगळं काळंसावळं, आणि मध्ये त्याचं तोंड, त्यामागे छपराचा पत्रा, त्यापलीकडे आभाळ. तीन दिवसांत त्याला या जागेची आठवणही राहिली नव्हती. त्याला लाज वाटली. त्याला वाटलं, बायकोने ही आपल्या चुकीची खूण म्हणून ठेवलीय. त्याने खांद्यावरून फडकं काढलं आणि साठ नंबरचा दगड आणायला घराकडे वळला.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली.

"एवढं राहिलंय. घासून टाकतो."

"हात लावू नका." ती उठून आली आणि तिने डबा त्याच्या हातातून घेतला. "बावीस वर्षं तुमच्या हातचं काम लोकांच्याच घरात गेलं. आपल्या घरात तुमच्या हातचं एवढं तरी असू द्या."

 तो तव्याकडेच बघत राहिला. त्या ताटलीएवढ्या जागेत आता तिचंही तोंड आलं होतं, धुराने काळवंडलेलं, घामाने डबडबलेलं. तिने वाकून पाहिलं, कपाळावरची बट मागे सारली, आणि डबा त्या जागेवर न ठेवता जरा बाजूला ठेवला.